भिशीचा हिशोब

मुळशी तालुक्यात पौडाहून वर ताम्हिणीकडे जावे किंवा खाली पिरंगुट-भूगावकडे यावे, जेथे भिशी नाही असे गाव बहुधा आढळणार नाही. भातलावणीच्या मजुरीस जाणाऱ्या बायांची भिशी आहे, कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या तरुणांची आहे, हिंजवडीस साफसफाईच्या कामास जाणाऱ्या भगिनींची आहे, रिक्षावाल्यांची व दुकानदारांची आहे. कोणाची महिन्याची, कोणाची आठवड्याची. आपल्या मंडळ्यांतही ती आहेच. रविवारी उपासना आटोपल्यावर बाहेर झाडाखाली एक बाई वही घेऊन बसते आणि बाकीच्या पदराची गाठ सोडतात, हे दृश्य प्रस्तुत लेखकाने पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. परंतु ‘ह्या भिशीत तुम्हांस काय मिळते?’ असे विचारले असता बहुतेकांचे उत्तर एकच येते : ‘एकदम पैसा हाती येतो.’ हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. हाती आलेला तो पैसा कोणाचा, तो कितीला पडला, आणि तो न आला तर दाद कोठे मागावयाची, हे ठाऊक नसता पुष्कळ लोक वर्षानुवर्षे भिशी भरीत असतात. वाचकांनी पाटी किंवा कागद घेऊन बसावे, कारण हा धडा नुसता वाचावयाचा नसून मांडून पाहावयाचा आहे.

प्रथम साधी चिठ्ठीची भिशी घेऊ. समजा, बारा भगिनी आहेत. प्रत्येकीने दरमहा रु. १,००० द्यावयाचे. दर महिन्यास रु. १२,००० जमतात, चिठ्ठी निघते, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघाली ती सर्व रक्कम घेऊन जाते. एकदा भिशी लागलेलीचे नाव पुन्हा चिठ्ठीत पडत नाही, पण हप्ता मात्र शेवटपर्यंत द्यावा लागतो. बारा महिन्यांत प्रत्येकीने १२,००० दिले व प्रत्येकीला १२,००० मिळाले. मग नफा कोणाला व तोटा कोणाला? वरवर पाहता कोणालाच नाही.

पण पैशाला काळाची जोड असते. पहिल्या महिन्यात जिला भिशी लागली तिने १,००० देऊन १२,००० घेतले, म्हणजे इतरांचे ११,००० तिच्या हाती आले. ते ती अकरा महिन्यांत हजार-हजार करून फेडते. पहिला महिनाभर तिच्याकडे ११,००० राहिले, दुसरा महिना १०,०००, तिसरा ९,०००, असे उतरत जाते. अकरापासून एकपर्यंतची बेरीज ६६ होते. याचा अर्थ असा की, ६६,००० रुपये एक महिनाभर वापरावयास मिळावे इतका तिचा फायदा झाला, आणि त्याबद्दल तिने एक पैसाही व्याज दिले नाही. गावच्या सावकाराकडून दरमहा शेकडा तीनने ती उचल केली असती तर तिला रु. १,९८० व्याज पडले असते. आता बारावी पाहा. तिचा पहिला हप्ता अकरा महिने लोकांकडे राहिला, दुसरा दहा महिने, तिसरा नऊ. तिचीही बेरीज ६६ च होते. बँकेत वर्षाला शेकडा सहा व्याज धरले तर तिचे रु. ३३० बुडाले. रक्कम लहान आहे खरी, पण ती कोणी दिली हे ध्यानात धरावे. पहिलीला बिनव्याजी उचल मिळाली ती शेवटच्या भगिनींच्या खिशातून मिळाली. सहावी व सातवी ह्यांचे पारडे जवळजवळ समान राहते. सहावीपर्यंतच्या सर्व जणी थोड्याबहुत ऋणको असतात, व सातवीपासून पुढच्या सर्व जणी थोड्याबहुत धनको.

हे समजल्यावर भिशी वाईट ठरते असे नव्हे. शेजारधर्माने एकमेकींचा भार उचलण्याची ती एक जुनी व सोपी रीत आहे. ३३० रुपयांच्या बदल्यात बारावीला एक शिस्त मिळाली. घरात हजार रुपये राहिले असते तर ते सणावारात, दारूच्या दुकानी, किंवा पाहुण्यारावळ्यांत गेले असते, असे पुष्कळ माताभगिनी सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. चिठ्ठीने क्रम लागतो म्हणून एका वर्षी शेवटची असलेली दुसऱ्या वर्षी पहिली येऊ शकते. शिवाय सावकाराच्या दारी न जाता गरज भागते, ही गोष्ट पुणे जिल्ह्यातील माणसाने हलकी मानू नये. ह्याच जिल्ह्यात सुपे येथे मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. कागद हाती लागले ते त्यांनी जाळले. त्यानंतर सरकारने १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्यांच्या पणजोबांनी कागद जाळले त्यांच्या पणत्यांनी आपसांत बारा जणींची वही उघडली, तर त्यात नवल नाही.

आता दुसरा प्रकार, बोलीची भिशी. हिचा हिशोब निराळा आहे आणि खरी गोम येथेच आहे. समजा, दहा जण आहेत, हप्ता रु. २,०००, म्हणजे भिशी रु. २०,००० ची. चालकाची दलाली शेकडा पाच, म्हणजे दरमहा रु. १,०००. येथे चिठ्ठी टाकीत नाहीत. जो अधिक तोटा सोसावयास तयार होईल त्याला भिशी मिळते. पहिल्या महिन्यात एका गरजवंताने रु. ६,००० तोटा खाऊन भिशी उचलली. त्याच्या हाती १४,००० आले. सहा हजारांतून चालकाचे एक हजार गेले, व उरलेले पाच हजार दहा जणांत वाटले गेले, म्हणजे त्या महिन्यात प्रत्येकाने २,००० ऐवजी १,५०० च भरले. पुढील महिन्यात बोली ५,५०० वर थांबली, तेव्हा प्रत्येकाने १,५५० भरले. अशी बोली दर महिन्यास पाचशेने उतरत नवव्या महिन्यात २,००० वर आली, आणि दहाव्या महिन्यात एकच सभासद उरल्यामुळे त्याची फक्त दलाली कापली गेली व त्याला १९,००० मिळाले. त्या महिन्यात वाटावयास काही उरले नाही, म्हणून सर्वांनी पूर्ण २,००० भरले.

दहाव्याने एकंदर किती भरले? १,५०० पासून १,९०० पर्यंत पन्नास-पन्नासने चढत जाणारे नऊ हप्ते व शेवटचे २,०००, अशी बेरीज रु. १७,३०० होते. मिळाले १९,०००. नफा रु. १,७००. लोक म्हणतात, ‘दहा महिन्यांत शेकडा दहा सुटले.’ वास्तविक त्याहून पुष्कळ अधिक सुटले, कारण १७,३०० काही सर्व दहा महिने गुंतलेले नव्हते. पहिला हप्ता नऊ महिने गुंतला, नववा एकच महिना, व दहावा भरताक्षणीच परत आला. प्रत्येक हप्त्यास त्याच्या महिन्यांनी गुणून बेरीज घेतली तर ती ७३,५०० येते. तिच्यावर १,७०० म्हणजे दरमहा शेकडा सव्वादोनहून थोडे अधिक, वर्षाचे शेकडा सत्तावीसच्या वर. इतके व्याज कोणती बँक देते? कोणतीच देत नाही. म्हणूनच अशा भिशीची जाहिरात कोणास करावी लागत नाही. नफा झालेला माणूसच ती गावभर करतो.

परंतु हा नफा आकाशातून पडला नाही. पहिल्या गरजवंताकडे पाहा. त्याला १४,००० मिळाले असे सर्व म्हणतात, पण त्याच महिन्यात त्याने १,५०० चा हप्ता भरला आहे, तेव्हा त्याच्या हाती खरे १२,५०० च आले. पुढील नऊ महिन्यांत त्याने १,५५० पासून २,००० पर्यंत हप्ते भरून रु. १५,८०० फेडले. जादा दिले ३,३००. दर महिन्यास मुद्दल उतरत जाते हे धरून नीट हिशोब केला असता हा दर दरमहा शेकडा पावणेपाच पडतो. वर ज्या सावकाराला आपण शेकडा तीनबद्दल बोल लावला, त्याच्याहूनही हा महाग! आणि गंमत अशी की, तो गरजवंत मात्र म्हणतो, ‘मी व्याजाने पैसे काढले नाहीत, भिशी उचलली.’ व्याज हा शब्द कोणी उच्चारला नाही म्हणून व्याज द्यावे लागले नाही असे होत नाही. दहाव्याचे सव्वादोन व चालकाची दलाली ही दोन्ही त्या पहिल्या दोन-चार गरजवंतांच्या पावणेपाचांतून निघतात.

येथे एका गोष्टीचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा. आपण ज्यांच्याबरोबर एका पंक्तीस बसतो, त्यांच्यापैकी कोणा घरी आजारपण आले, त्याने घाबरून सहा हजारांची बोली केली, आणि आपण प्रत्येकी पाचशे रुपये कमी भरून समाधानाने घरी आलो, तर ते पाचशे आपण कशाबद्दल घेतले? काहींचे म्हणणे असे की, तो राजीखुशीने बोलला, कोणी सक्ती केली नाही. प्रस्तुत लेखकास हे म्हणणे अर्धेच पटते. निकड असलेल्या माणसाची राजीखुशी फार पातळ असते. काही गावांत बोलीला मर्यादा बांधून घेतात, अमुक रकमेपलीकडे कोणी बोलावयाचे नाही, व दोघे त्या मर्यादेवर आले तर चिठ्ठी टाकावयाची. ही चाल चांगली आहे.

ह्याच्या उलटही घडते. गरजवंत कोणी नसला व सर्वच जण नफ्याच्या आशेने शेवटपर्यंत थांबणारे निघाले, तर बोली चढत नाही. समजा वरच्याच भिशीत पहिले नऊ महिने बोली १,५०० वरच राहिली. एक हजार चालकाचे, पाचशे वाटावयाचे. प्रत्येकास पन्नास रुपये. नऊ हप्ते १,९५० चे व शेवटचा २,००० चा मिळून रु. १९,५५० झाले, आणि शेवटच्यास मिळाले १९,०००. म्हणजे दहा महिने पैसे गुंतवून त्याने पदरचे ५५० घालविले. तेव्हा ‘बोलीच्या भिशीत शेवटी थांबणाऱ्याचा नफा ठरलेला’ हे सांगणे बरोबर नाही. ठरलेली असते ती चालकाची दलाली. ती दोन्ही प्रसंगी दहा हजार झाली.

तिसरा एक प्रकार दिवाळीच्या फंडाचा. त्यात दरमहा सर्वांनी ठराविक रक्कम टाकावयाची, जमलेला पैसा सभासदांनाच व्याजाने द्यावयाचा, व दिवाळीपूर्वी फंड फोडून मुद्दल व व्याज वाटून घ्यावयाचे. रु. ५०० महिना टाकणाऱ्याचे वर्षाचे ६,००० होतात. दरमहा शेकडा दोनने सर्व पैसा सतत फिरता राहिला, तर सरळ व्याजाने त्यास सुमारे रु. ७८० अधिक मिळावेत. पण पैसा सतत फिरता राहत नाही, आणि भाद्रपद-आश्विनात ज्यांनी उचल केली ते दिवाळीच्या तोंडावर फेडीत नाहीत. फंड फोडण्याच्या दिवशी होणारी भांडणे बहुधा ह्यावरूनच होतात. ह्यावर उपाय एकच, तो असा की, शेवटचे दोन महिने नवी उचल देऊ नये.

आता धोक्याकडे वळू. बोलीच्या भिशीतील दहाव्याचा सर्व नफा १,७०० होता. त्यापूर्वी भिशी उचललेल्या नवांपैकी एकाच माणसाने शेवटच्या महिन्याचा एकच हप्ता चुकविला, तर २,००० ची तूट येते. नफा संपला व मुद्दलातून तीनशे गेले. म्हणजे नऊ माणसांची नऊ महिने वागणूक चोख राहिली पाहिजे, तरच तो शेकडा सत्तावीस हाती येतो. बँकेचे थोडे व्याज व भिशीचा मोठा नफा ह्यांची तुलना करताना ही गोष्ट लोक विसरतात. बँकेतील ठेव रु. ५ लाखांपर्यंत विम्याने सुरक्षित असते (ही मर्यादा २०२० साली एक लाखावरून पाच लाखांवर आली). पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२२ साली रद्द केला, तेव्हा ज्यांच्या ठेवी मर्यादेच्या आत होत्या त्यांस ह्या विम्याचा आधार होता. भिशीला असा कोणताही विमा नाही. सहकारी पतसंस्थेतील ठेवीलाही तो नाही. पतसंस्था व बँक एकच समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या ओळखीच्या एका गावी बारा जणांची हजार रुपयांची भिशी होती. चालक वयस्क, निर्व्यसनी, सर्वांच्या विश्वासातले गृहस्थ. सर्वजण त्यांस काका म्हणत. एका विधवा भगिनीने मुद्दाम शेवटचा क्रमांक मागून घेतला, कारण जून महिन्यात मुलीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी घालावयाचे होते व मध्येच पैसा हाती आला तर तो टिकणार नाही, असे तिला वाटे. आरंभी तिने मला विचारले होते, ‘पाळकसाहेब, काकांच्या भिशीत नाव घालू ना?’ मी म्हणालो, ‘माणूस चांगला आहे, घाला.’ अकरा महिने तिच्या वहीत अकरा बरोबरच्या खुणा झाल्या. बाराव्या महिन्यात तिच्या हाती १२,००० ऐवजी ७,००० आले. चौकशीअंती असे कळले की, आरंभीच भिशी उचललेली दोन घरे कामासाठी दुसरीकडे निघून गेली होती. त्यांचे हप्ते काका कोणास न सांगता कित्येक महिने स्वतःच्या पदरचे घालीत होते, कारण आपल्या भिशीचे नाव जाऊ नये असे त्यांस वाटे. पुढे आणखी दोघे थकले, आणि अखेरच्या महिन्यात काकांजवळ स्वतःचाही हप्ता भरावयास पैसे उरले नव्हते. त्यांनी चोरी केली नाही. पुढे दहा महिने दरमहा पाचशे देऊन त्यांनी पाच हजार फेडले. पण मुलीचे ते वर्ष गेले. ती भगिनी मला कधी काही बोलली नाही. मी मात्र तेव्हापासून कोणाच्या भिशीविषयी ‘माणूस चांगला आहे’ असे सांगण्याचे सोडले. मी विचारावयास हवे होते ते असे : कोणी हप्ता चुकविला तर काय करावयाचे ठरले आहे, आणि ते कोठे लिहिले आहे? काकांच्या वहीत ते कोठेच लिहिलेले नव्हते.

ह्याच कामासाठी कायदा आहे. १९८२ साली चिटफंडांचा केंद्रीय कायदा झाला. चिठ्ठीने, बोलीने किंवा निविदेने पाळीपाळीने रक्कम देण्याच्या सर्व रीती त्याच्या व्याख्येत येतात. त्याप्रमाणे राज्य शासनाची पूर्वपरवानगी घेऊन भिशीची नोंदणी करावी लागते, लेखी करार करून त्याची प्रत प्रत्येक सभासदास द्यावी लागते, व चालकाने आरंभीच तारण ठेवावे लागते. बोलीच्या वेळी निदान दोन सभासद हजर पाहिजेत. ज्यास भिशी मिळाली त्याने राहिलेल्या हप्त्यांसाठी तारण द्यावयाचे असते, आणि काकांच्या भिशीत नेमके हेच नव्हते. चालकाच्या दलालीची मर्यादा पूर्वी शेकडा पाच होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने शेकडा सात झाली. तंटा पडल्यास तो दिवाणी कोर्टात न जाता चिटफंडांच्या निबंधकाकडे जातो. केरळात तर स्वतः राज्य सरकारची कंपनी १९६९ पासून चिट्ट्या चालविते. लहान भिश्यांस हा कायदा लागू नसावा म्हणून मूळ कायद्यात शंभर रुपयांची मर्यादा होती. शंभर रुपयांची भिशी आज कोठे आहे! म्हणून २०१९ साली ती मर्यादा काढून टाकून किती रकमेपर्यंत सूट द्यावयाची हे प्रत्येक राज्याकडे सोपविण्यात आले. लाख, दोन लाखांची भिशी घालणाऱ्यांनी, आपली भिशी कोणत्या बाजूस पडते, हे आधी विचारून घ्यावे. नोंदणी आवश्यक असताना ती न केलेली भिशी बुडाली, तर तक्रार करावयास जाणाऱ्याची स्थिती फार अवघड होते.

भिशीच्या नावाखाली दुसरेच काही विकणारे लोक असतात, त्यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. ज्यात नंबर लागला की पुढचे हप्ते माफ, अशा बक्षीस योजनांस आणि माणसामागे माणूस जोडून पैसे मिळविण्याच्या साखळी योजनांस १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. हप्ते माफ झालेल्याचे पैसे कोण भरतो, एवढा एक प्रश्न विचारला की ही योजना उघडी पडते. बंगालमध्ये २०१३ साली शारदा समूह कोसळून असंख्य गरीब ठेवीदार बुडाले. वर्तमानपत्रांनी त्यास चिटफंड म्हटले, पण तेथे ना बारा जणांची वही होती, ना पाळी. नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांस पैसे मिळत होते. खऱ्या भिशीची ओळख अशी की, तिचे सर्व सभासद एकमेकांस ठाऊक असतात, तिला आरंभ व शेवट असतो, आणि एकंदर आलेली रक्कम व गेलेली रक्कम दलाली वजा जाता जुळते. दरमहा ठराविक व्याज देऊ म्हणणारी ‘भिशी’ ही भिशी नव्हे. अशा संस्थेत पैसे अडकले असता महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, व त्याखाली संस्थाचालकांची मालमत्ता जप्त करता येते. परंतु जप्तीपासून हाती पैसा येईपर्यंत वर्षे लोटतात.

मुळशीकरांस हे सांगण्याचे विशेष कारण आहे. ह्या तालुक्यात जमिनीचे रोख रकमेत रूपांतर दोनदा झाले. पहिल्या वेळी टाटांच्या धरणासाठी. १९२१ साली सेनापती बापट ह्यांच्या पुढाकाराने जो सत्याग्रह झाला त्याची हकीकत येथील वृद्धांच्या घरी अजून सांगतात. मोबदल्याच्या प्रश्नावर जमिनीचे सावकार-मालक आणि ती कसणारे मावळे ह्यांचे हित एक नव्हते, हेही तेव्हा दिसून आले. दुसऱ्या वेळी हिंजवडी-माण परिसरातील माहिती उद्यानासाठी व मागाहून बंगल्यांच्या प्लॉटांसाठी. भाताचे खाचर विकून आलेले पैसे ज्या घरी पडतात, त्या घराच्या ओट्यावर मोठ्या भिशीचे चालक पहिल्या आठवड्यातच येऊन बसतात. ज्यास उचल करण्याची मुळीच गरज नाही असा सभासद त्यांस हवा असतो, कारण तो शेवटपर्यंत थांबतो व त्याच्या हप्त्यांवर इतरांची उचल चालते. वर मांडलेल्या हिशोबात बारावी ती हीच. जमिनीचा पैसा पुन्हा यावयाचा नसतो. तो बारावीच्या जागी बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भिशी ही मजुरीतून उरलेल्या पैशाची जागा आहे.

मग मजुरीतील पैसा तरी कोठे ठेवावा? टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीत महिन्यास शंभर रुपयांपासून भरता येतात, मुदत पाच वर्षांची असते, व बारा हप्ते भरल्यावर जमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. ज्यास शेवटीच रक्कम हवी आहे त्याने भिशीत शेवटचा क्रमांक घेण्यापेक्षा हे बरे. ज्यास उचल हवी आहे त्याचे काम टपालाने भागत नाही. अशा भगिनींनी बचत गटाचा विचार करावा. १९९२ साली नाबार्डने गटांस बँकेशी जोडण्याचा उपक्रम आरंभला, तेव्हापासून गटाची वही नीट असेल तर बँक गटास कर्ज देते. दिवाळीच्या फंडाहून फरक एवढाच की, गट दरवर्षी फोडावयाचा नसतो व त्याचा पैसा बँकेच्या खात्यात असतो.

आणि भिशीच घालावयाची असेल, तर सभासद दहा-बारांहून अधिक नसावेत, व मुदत वर्षापलीकडे जाऊ नये. वीस महिन्यांत माणसांची घरे बदलतात. आरंभीच एक कागद करावा आणि त्यावर सर्वांनी सह्या किंवा अंगठे करावेत. हप्त्याची तारीख, दलाली, बोलीची मर्यादा, व हप्ता चुकल्यास काय करावयाचे, हे सर्व त्यावर यावे. भिशी उचलणाऱ्यास एक जामीन असावा, आणि तो अजून भिशी न लागलेल्यांपैकी असावा. म्हणजे त्याला जपून राहणे भाग पडते. ज्या महिन्यात हप्ता चुकेल त्याच महिन्यात तो सर्वांसमक्ष सांगितला जावा. चालकाने स्वतःच्या पदरचे घालून झाकू नये. हप्ते शक्य तर खात्यातून खात्यात द्यावेत, त्याची नोंद आपोआप राहते. मंडळीचा पैसा व भिशीचा पैसा एका पेटीत कधी ठेवू नये, आणि पाळकाने चालक किंवा जामीन होऊ नये. त्याच्या शब्दावर लोक हिशोब विचारण्याचे सोडून देतात, हे मी वर कबूल केलेच आहे.

आता पाटीवर एक उदाहरण करून पाहा. आठ जणांची भिशी आहे, हप्ता रु. १,५००, चालकाची दलाली दरमहा रु. ५००. पहिल्या दोन महिन्यांत बोली दलालीपुरतीच, म्हणजे ५०० वर राहिली. तिसऱ्या महिन्यात एकाने रु. २,९०० तोटा खाऊन भिशी उचलली. पुढील सर्व महिन्यांत बोली पुन्हा ५०० च राहिली. तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाने किती भरले? उचलणाऱ्याच्या हाती आलेल्या रकमेतून त्याने तोपर्यंत भरलेले स्वतःचे पैसे वजा केले तर दुसऱ्यांचे किती रुपये त्याला मिळाले, आणि त्यांच्याबद्दल पुढील पाच महिन्यांत त्याने किती फेडले? आठव्याने एकंदर किती भरले, व त्यास किती मिळाले? घरातील शाळेत जाणाऱ्या मुलाकडून ताळा करून घ्यावा. उत्तर पुढील अंकी देऊ.